रुमालातला हात

"कोणते वानखडे?" भाऊसाहेबांनी विचारलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अकोल्याच्या त्या सभागृहात येऊन मला अर्धा तास झाला होता. भाऊसाहेब म्हणजे माझा कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष. तोवर "ये बेटा, बस बेटा" चाललं होतं. पण वऱ्हाडात वानखडे कितीतरी जातींत सापडतात, म्हणून हा प्रश्न. मी म्हटलं, "चौदा एप्रिलला घरावर निळा झेंडा लावणारे." ते "बरं, बरं" म्हणाले. माझ्या हातात येता येता चहाचा कप टेबलावर उतरला आणि बेटाची मॅडम झाली.

मी प्रियदर्शनी. अमरावतीला आयटीआयत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. तीन वर्षं राबून मी माझं वाद्य बनवलं. मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये आवाजाचे वेगवेगळे भाग वायरींनी एकमेकांना जोडतात. माझ्या पेटीवर एकही वायर दिसणार नाही. वर अठरा पितळी चकत्या आहेत आणि वायरीचं काम माझी बोटं करतात. एक चकती सूर काढते, दुसरी त्याला थरथरवते. दोन्हींना हात लावला की बॅटरीची नखभर वीज अंगातून जाते आणि आवाज येतो. बोट दाबलं की थरथर वाढते, सोडलं की सगळं गप्प. मला कुणी नुसता हात लावला, तरी सूर हलतो.

मी वीस मिनिटं वाजवलं. कॉलेजची पोरं मोबाइल खाली ठेवून ऐकत होती. मग भाऊसाहेब स्टेजवर आले आणि त्यांनी माइक घेतला. "पोरांनो, हे पयलेच टेपात भरून आणलेलं हाय. मॅडम नुसती बोटं फिरवून राह्यल्या!"

पोरं हसली. तीन वर्षांची मेहनत त्या माणसानं एका वाक्यात पाण्यात घातली.

"या ना, तुम्हीच वाजवा," मी म्हणाले. "एक बोट त्या चकतीवर ठेवा. माझं या चकतीवर आहे. आता माझा हात धरा. आपल्या दोघांतून वीज गेली तरच आवाज येईल."

त्यांनी बोट ठेवलं. दुसरा हात खिशात गेला. त्यांनी पांढरा रुमाल काढला, हाताला गुंडाळला आणि तो हात पुढे केला. मी धरला. पेटी गप्प.

"पाहा! टेप संपली!"

"टेप नाही. रुमाल काढा."

"राहू द्या मॅडम, हाताले घाम हाय."

"घामानं तर जास्त चांगलं वाजतं. काढा रुमाल."

हे सगळं माइकवर चाललं होतं. सभागृहात आता कुणी हसत नव्हतं. भाऊसाहेबांनी हात मागे घेतला, पण रुमाल काही काढला नाही. माझा हात मात्र अजून पुढेच होता, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

स्वागताचे हार ओवणाऱ्या पंचफुलाबाई दाराशी बसल्या होत्या. त्या उठून थेट स्टेजवर आल्या. "मी धरू का वं पोरी? माहे हात वल्ले हायेत, चालते का?"

"धावते, मावशी!"

त्यांनी माझा हात घट्ट धरला, चकतीवर बोट टेकवलं आणि पेटी अशी किंचाळली की पुढच्या रांगेनं कान झाकले. मावशी दचकल्या, हसल्या, पण हात सोडला नाही. मग पोरंही वर धावली. मावशींनी चकतीवरचं बोट उचलून एका पोरीचा हात धरला, तिनं पुढच्याचा. स्टेजभर मोठा गोल झाला आणि शेवटच्या पोरानं चकतीवर बोट ठेवलं. गोलाच्या आत भाऊसाहेब, रुमालासकट.

"जरा वाट द्या," ते म्हणाले.

एकानं जरी हात सोडला असता तरी आवाज तुटला असता. कुणीच सोडला नाही.

शेवटी ते वाकले आणि मावशींच्या हाताखालून निघाले. निघता निघता त्यांचं टक्कल मावशींच्या दंडाला घासलं. त्या क्षणी सूर धपकन खाली आला आणि पुन्हा वर गेला. साऱ्या सभागृहानं तो ऐकला.

"लागलं नं, भाऊसाहेब?" पंचफुलाबाई ओरडल्या. "जा आता, घरी जाऊन आंग धुवा!"