पायाळू आली!

रुक्मा पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून आधी पायांनी बाहेर आलेली. आणि पायाळूवर वीज पडते, हे तर भंडाऱ्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! त्यामुळे आभाळ गुरगुरलं की मरोद्याला पोलाद कारखान्याच्या बांधकामावर तिकडूनच मजुरीला आलेल्या बाया तिला हाकलून द्यायच्या. आजही तिची चार वर्षांची गुलाब मोहाच्या उंच झाडाखाली त्यांच्या घोळक्यात होती, आणि रुक्मा दूर, पायासाठी खणलेल्या खड्ड्यात एकटी. तिची तक्रार नव्हती हो. आपल्यापायी लेकरू जळू नये, एवढंच.

अंग चोरून बसलेल्या तिला नवऱ्याचं बोलणं आठवलं. तिचा तेजराम क्रेनवर होता. कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबानं त्याला दुभाष्याकरवी समजावलेलं त्यानं घरी येऊन सांगितलं होतं. "ढगात गारा न् बर्फाचे कण घासतेत, त्यातून वीज साचते. तिचा धागा खाली येते, तसा उंच झाडातूनही एक धागा वर जाते. दोघं भेटले का मोठा उजेड खालून वर धावते. केस उभे झाले तं समज, धागा तिथूनच निघून राहिला. पळ!" तेव्हा ती खो खो हसली होती. वीज कुठं खालून वर जाते, काहीतरीच!

तिनं मान वर काढून पाहिलं. गुलाबचे मोकळे केस ताठ उभे होते. तिला धरून बसलेल्या वच्छलाचेही.

"झाडाखालून पळा वो!" रुक्मा ओरडली, पण गडगडाटात कोण ऐकतं? आणि ऐकलं तरी हिचं मानणार कोण? जावं तर वीज आपल्यासोबत लेकराजवळ येणार. न जावं तर... शेवटी ती खड्ड्यातून वर चढली आणि मोहाकडं धावत सुटली.

"पायाळू आली वो, पायाळू! आमाले मारतं का? दूर हो!" वच्छला किंचाळली, तिनं गुलाबला काखोटीला मारलं आणि धूम ठोकली. मागोमाग सगळ्या बाया वाट फुटेल तिकडं. रुक्माला तेच पाहिजे होतं. हात पसरून ती त्यांच्या मागंच लागली.

कडाड!

मोह शेंड्यापासून बुडापर्यंत चिरला होता. त्याच्याखाली कोणी नव्हतं.

चिखलात पडलेली वच्छला म्हणाली, "म्हटलं नव्हतं? आणलीच सटवीनं!"

रुक्मानं गुलाबला ओढून छातीशी धरलं. तिचे केस ती हातानं पुन्हा पुन्हा बसवत होती. रडू आवरेना.

"हो वो बाई, मीच आणली," ती म्हणाली. पुन्हा गडगडलं, तरी तिनं लेकीला सोडलं नाही.