दहातली आठ घरे

आमची सिंधू पुन्हा गरोदर होती. गेल्या खेपेस ती अकोटहून बाळंतपणासाठी अकोल्यास माहेरी आली, गल्लीतल्या हिवतापाने तिला गाठले आणि मूल पोटातच गेले. आता तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला होता, "तुमच्या गल्लीतला ताप जाईल, तेव्हाच सून येईल." आमच्या वकिलांच्या घराला कोणी अट घालण्याची ही पहिलीच वेळ होती.

मी अमरावतीहून रविकांतला बोलावले. हा माझ्या बहिणीचा मुलगा. कॉलेजात गणित शिकवतो आणि ताप कसा पसरतो याची समीकरणे मांडतो. जेवण होताच कागदावर रेघोट्या सुरू झाल्या.

"रवी, डास मरतील की नाही, एवढेच सांग."

"सगळे मरायची गरजच नाही, मावशी. रोग्याला चावलेल्या डासाच्या पोटात रोग पिकायला दहा-बारा दिवस लागतात. रक्त पिऊन जड झाला की तो भिंतीवर बसतो. तिथे डी.डी.टी. असेल, तर रोग पिकण्याआधीच मरतो."

"हे तासाभरापूर्वी सांगता आले नसते?"

मलेरिया खात्याची माणसे आषाढातच घरोघर हे औषध फवारून गेली होती. भिंतींवर त्याचे पांढुरके ओघळ होते. मी म्हणणार होते, आणू का सिंधूला? तोच रवीची नजर अंगणातल्या भिजत घातलेल्या चुन्याकडे गेली.

"हे कशाला?"

"महालक्ष्म्या जवळ आल्या. भिंती उजळायला नकोत?"

"चुन्याखाली औषध गाडले जाईल, मावशी! औषध सहा महिने टिकते, असे मी गणितात धरले आहे. चुना धरलेला नाही."

"वऱ्हाडात जन्मलास आणि महालक्ष्म्या धरल्या नाहीस? बरे, मी नाही उजळत. झाले?"

"एका घराने भागत नाही. दहातल्या आठ घरांनी तरी औषध राखले, तर एका रोग्यामागे सरासरी एक नवा रोगीही पुरता होत नाही. मग रोग आपोआप विझतो."

"आणि डासांना आंदण दिलेली ती दोन घरे कोणाची?"

"गणितात नावे नसतात."

"मग मी सगळीच घेते."

श्रावणातल्या शुक्रवारी गल्लीतल्या सगळ्या बायकांना हळदीकुंकवास बोलावले आणि सर्वांत जास्त ओघळ असलेल्या भिंतीसमोर बसवले. मी सांगितले, "यंदा माझ्या महालक्ष्म्या याच भिंतीपुढे बसतील. तुम्हीही चुना लावायचा नाही." कारणही सांगितले, रवीपेक्षा थोडक्यात.

खुशालरावांची अनसूया म्हणाली, "बाई, म्या त चुना भिजवला. तो आता आंगाले फासू काय? लोक काय म्हनतीन?"

"माझी भिंत बघून जे म्हणतील ते."

तिने भिंतीजवळ जाऊन ओघळ निरखले. "वकिलीनबाईची भिंत अशी, मंग आमाले कावून लाज वाटीन?"

चुना जागच्या जागी वाळला. महिना उलटला तरी गल्लीत कोणी तापाने थरथरले नाही, तशी मी स्वतः अकोटला जाऊन सिंधूला घेऊन आले. कार्तिकात तिला मुलगी झाली.

बारशाला विहीणबाई आल्या. नातीला मांडीवर घेतले, मान वर केली आणि म्हणाल्या, "इश्श! बारसे घरात, आणि भिंती अशा? दिवाळीलासुद्धा चुना नाही लावला वाटते?"

रवीने खिशातून कागद काढला. मी म्हणाले, "तू मुकाट्याने घुगऱ्या खा."