देवाची बॅटरी

रात्री हरिनाम आणि सकाळी धक्का, असा वामनबुवांच्या कीर्तनाचा दंडकच होऊन बसला होता. रात्री ज्या गावाने बुवांच्या पायांवर डोकं ठेवायचं, त्याच गावाने उजाडल्यावर त्यांच्या मॅटाडोरला खांदा लावायचा. लाऊडस्पीकरचा ॲम्प्लिफायर गाडीच्या बॅटरीवर चाले, आणि आख्यान रंगलं की बॅटरी पार आटून जाई. सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती कण्हायची. मग दमयंतीबाई बाजाची पेटी मांडीवर घट्ट धरून आत बसायच्या, बुवा बाहेर हात जोडून उभे राहायचे, आणि कालचे श्रोते हसत-ओरडत मागून रेटायचे. सुरुवातीला दमयंतीबाईंनाही हसू यायचं. आता त्या पहिल्या हिसक्याला कमरेतून कळ जायची, आणि आज कुठलं गाव हेसुद्धा चटकन आठवायचं नाही.

गाडी हेच त्यांचं घर. दोन फळ्यांच्या दोन खाटा, खाली भांडी, एक वातीचा स्टोव्ह, वर देवांची फळी. आधी ही गाडी मासळी वाहायची. किती ऊद जाळला, किती कापूर जाळला, तरी पावसाळ्यात पत्र्यातून पापलेट आपली आठवण करून द्यायचंच. बुवा म्हणायचे, "असू दे गं. पूर्वाश्रम कुणाचा काढू नये."

पालघरला त्यांचं खरंखुरं घरही होतं. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर तुळस. पण वर्षातले बरेच महिने त्याला कुलूप. तुळशीला पाणी घालायचं शेजारणीच्या भरवशावर, आणि शेजारीण विसराळू.

दिवाळीत बुवांचा घसा बसला तो नीट उठलाच नाही. पालघरच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, "बुवा, हळू बोललात तर पुष्कळ वर्षं बोलाल. पुन्हा ताण दिलात तर आवाज जाईल, आणि गेलेला आणून देणं माझ्या हातात नाही." त्या संध्याकाळी दमयंतीबाईंनी देवापुढे दिवा लावून नवऱ्याकडून शब्द घेतला. पदं त्या गातील. बुवांनी निरूपण करायचं, तेही माईक ओठांशी धरून, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. आणि ज्या दिवशी भर कीर्तनात माईक बंद पडेल, त्या दिवशी चिपळ्या पेटीवर ठेवायच्या. मग फिरणं संपलं. पालघरच्या दाराचं कुलूप काढायचं.

बुवांनी मान डोलावली. त्यांनी शब्द दिला की तो पाळला जाई, हे दमयंतीबाईंना लग्नापासून ठाऊक होतं.

या शब्दाचा धसका घेतला तो कमलाकांताने. हा बुवांचा पुतण्या. बोईसरच्या एका कारखान्यात वायरमन, राहायला सरावलीला. रजा मिळेल तेव्हा काकाची गाडी चालवायचा आणि तबलाही वाजवायचा. चैत्रातल्या राम-नवरात्रात खाडीकाठच्या मुरबे गावचं कीर्तन ठरलं, तेव्हा तो रात्रपाळी करून आला आणि डोळे चोळत गाडीला भिडला. खाटेखाली त्याने दुसरी बॅटरी बसवली. तिच्याजवळ एक डबी, डबीवर एक हिरवा आणि एक लाल दिवा. आणि मग गोणपाटातून दोन काळ्यानिळ्या, आरशासारख्या चकाकणाऱ्या पाट्या काढल्या.

"सोलर," तो म्हणाला. "उन्हावर वीज करतात. टपावर ठोकून नाही टाकत. गाडी सावलीत लावायची नि पाट्या काढून लांब उन्हात ठेवायच्या. ही वायर पुरते."

"म्हणजे आता धक्का नाही?" दमयंतीबाईंनी विचारलं.

"नाही काकू. दोन चुली वेगळ्या केल्या. इंजिनाची बॅटरी इंजिनाला, देवाची बॅटरी देवाला. एक उपाशी राहिली तरी दुसरीच्या ताटात हात घालायचा नाही." मग त्याने तळहात एका पाटीवर धरला. "एकच पथ्य. वर सावली नको. एवढी हाताएवढी पडली तरी अख्खी पाटी झोपते. बॅटरी आत्ता रिकामी आहे. आज दिवसभर ऊन खाल्लं, तरच संध्याकाळी माईक बोलेल."

दमयंतीबाईंनी पाट्यांना हळदकुंकू लावायला बोट पुढे केलं. "चौकटीला, काकू, चौकटीला!" कमलाकांत ओरडला. बुवा आपल्या घोगऱ्या आवाजात हसले. "सूर्यवंशातल्या रामाचा उत्सव, नि वीज साक्षात सूर्याची. योग म्हणतात तो हा."

मुरब्याला गाडी पोचली तेव्हा उन्हं चढली होती. गावातला विजेचा डबा जळून बरेच दिवस झाले होते, म्हणूनच तर बुवांना 'तुमची वीज घेऊन या' असा निरोप होता. जिच्या अंगणात उतरायचं ती नवसी पुढे आली. आडव्या हाडाची, कमरेला पदर खोचलेली बाई, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर खाडीतल्या होडीने मान वळवावी.

"या बुवा, या बाय! गाडी त्या नारळीखाली लावा, थंड हाय. आन् हा काय आरसा आणलाव?"

"आरसा नाही मावशी," कमलाकांत म्हणाला. "याला चांगलं ऊन लागायला पायजे. दिवसभर."

"उनाला काय तोटा? खळ्यावर ठेव. तिथं कावळ्याची सावलीबी पडत नाय."

खळं म्हणजे मासळी वाळवायचं सारवलेलं आवार. एका बाजूला बांबूंवर बोंबील टांगलेले, बाकी जमिनीवर जवळा पसरलेला, ती बारीक गुलाबी कोळंबी. चैत्रातलं ऊन डोक्यावरचं, म्हणून कमलाकांताने चार टोपल्या उपड्या घालून पाट्या त्यांच्यावर जवळजवळ आडव्याच मांडल्या, वायर गाडीपर्यंत ओढली, हिरवा दिवा पेटलेला पाहिला, आणि खाटेवर अंग टाकलं ते घोरायलाच लागला. बुवा देवळाच्या सभामंडपात आडवे झाले. दमयंतीबाई नारळीखाली तांदूळ निवडत बसल्या.

दुपार कलायच्या सुमाराला त्यांनी सहज मान वर केली. खळ्यावर पाट्या दिसेनात. पाट्यांच्या जागी जवळाच होता. नीट, पातळ, कडेपर्यंत हाताने सारखा केलेला.

दमयंतीबाई उठल्या. म्हणजे उठायला लागल्या. गुडघ्यावर हात ठेवून अर्ध्या उभ्या झाल्या आणि तशाच थांबल्या. मागे गाडीत डबीवरचा हिरवा दिवा विझून लाल लागला होता. चार पावलं जायचं, नवसीला हाक मारायची, एवढंच काम. पण डोळ्यांपुढे आला तो पालघरचा ओटा. ओट्यावर सकाळी चहा घेऊन बसलेले बुवा, अंगात साधा सदरा, कुठे जायचं नाही, कुणाला उठवायचं नाही. माईक नाही लागला तर? ओरडून बोलायचे नाहीत ते, शब्द दिलाय. आवाजही राहील आणि माणूसही घरी राहील. रामराया, मी काही करत नाहीये, मी नुसती बसत्येय, असं काहीसं मनात म्हणत त्या पुन्हा सुपाशी टेकल्या. तेच तेच तांदूळ पुन्हा निवडू लागल्या.

दिवेलागणीला मंडप भरला. बायका पुढे, पुरुष मागे, पोरं मधे लोळत. दोन कंदील टांगले. कमलाकांताने डोळे चोळत ॲम्प्लिफायर सुरू केला. सकाळच्या उन्हाची जी काय पुंजी होती तिच्यावर माईक बोलला. नमन झालं. दमयंतीबाईंनी पद म्हटलं. बुवांनी माईक ओठांशी नेला, त्यांचा तो जुना, मऊ आवाज भोंग्यातून पार होड्यांपर्यंत गेला. नवरात्रात मुरब्याला बुवा आपलं स्वतःचं रचलेलं आख्यान लावायचे, दमलेल्या नावाड्याचं.

"दिवसभर वल्ही मारून एक म्हातारा नावाडी काठावर टेकला होता. तेवढ्यात देव आला, साध्या वाटसरूच्या वेषात, आणि म्हणाला..."

देव काय म्हणाला ते कुणाला कळलं नाही. भोंगा एकदा खाकरला आणि गप्प झाला.

कमलाकांत तबला सोडून गाडीकडे धावला. परतला तो हाताच्या मुठीत काहीतरी घेऊन. मूठ उघडली, वाळका जवळा. "पाट्यांवर वाळत घातलाय कुणीतरी!" तो जवळजवळ रडकुंडीला आला होता. "कुणी घातला?"

"मी घातला," नवसी पुढच्या रांगेतून म्हणाली. "लय तापलेली ती पाटी. जवळा असा सुकला म्हनतोस, कुरकुरीत! का, काय जालं?"

"मावशी, तिला ऊन लागायचं होतं!"

"मंग? मी काय उन खाल्लं तिचं? माजा जवळा सुकून उन तितंच होतं की!"

मंडपात हशा पिकला. दमयंतीबाई हसल्या नाहीत. बुवा त्यांच्याकडेच पाहत होते. डोळ्यांत राग नव्हता, विचारणा नव्हती. मोठ्या प्रवासानंतर माणूस स्टेशनाच्या बाकाकडे पाहतो तसं काहीतरी होतं. ते वाकले. दोन्ही चिपळ्या त्यांनी पेटीवर ठेवल्या, अगदी हळू, वाजू न देता.

हेच तर हवं होतं. मग भात्यावरचा हात असा का जड झाला, ते दमयंतीबाईंना कळेना.

"बुवा!" नवसीच म्हणाली. "देव काय बोलला?"

"माईक गेला, बाई," बुवा पुटपुटले. "माझ्याने मोठ्याने बोलवत नाही."

"तर मना सांगा ना. हलू सांगा. मी सांगते समद्यांना. माज्या जवळ्याने तुमचं तोंड बंद केलं, तर आता माजं तोंड घ्या!" आणि विचारायची वाट न पाहता ती उठून बुवांशेजारी येऊन उभी राहिली.

बुवांनी पुन्हा दमयंतीबाईंकडे पाहिलं. आता मात्र विचारणा होती. मंडपभर माणसं श्वास धरून बसलेली. देव काठावर ताटकळलेला. दमयंतीबाईंनी चिपळ्या उचलल्या, पदराने पुसल्या आणि पुढे केल्या.

बुवा कुजबुजले. नवसीने ऐकलं, मंडपाकडे वळली आणि छप्पर उडेल अशा आवाजात म्हणाली, "देव बोलला, म्हाताऱ्या, मना पलीकडे ने! म्हातारा बोलला, कोन रं तू? ही काय येल हाय यायची? माजं हात भरलं हायेत!"

बुवा पुन्हा कुजबुजले.

"देव बोलला, मना आताच जायचंय. तर म्हातारा बोलला, एवडी घाई हाय तर तूच वल्हव! मी बसतो होडीत!" आणि मग आपल्या पदरचं, बुवांनी न सांगितलेलं, "बरं केलंस रं बाबा!"

मागचे पुरुष हसून हसून वाकले. एक म्हातारा टांडेल, उभी हयात होडीचं सुकाणू धरलेला, डोळे पुसत होता. देवाने वल्ही हातात घेतली. त्याला वल्हवता येईना, होडी गरगर फिरली, तेव्हा नवसीने हातांनी अशी वल्ही मारून दाखवली की बुवासुद्धा आख्यान विसरून बघत राहिले. दमयंतीबाईंची बोटं पेटीवर आपोआप चालत होती.

सकाळी त्या खळ्यावर बसून पाट्या ओल्या फडक्याने पुसत होत्या. चौकटीच्या खाचेतून जवळ्याचे मिशांसारखे धागे काढत होत्या. बुवा शेजारी येऊन टेकले.

"अहो," त्या वर न पाहता म्हणाल्या, "काल दुपारी मी हा जवळा पाहिला होता. आणि बसून राहिले."

बुवांनी खाचेतला एक धागा ओढून काढला. मग म्हणाले, "मीसुद्धा पाहिला होता. मंडपातून पाणी प्यायला उठलो तेव्हा."

दमयंतीबाईंचं फडकं थांबलं. "मग काढायला का नाही सांगितलात?"

"आधी म्हटलं, खळं तिचं, तिला कसं सांगावं." त्यांनी घसा चोळला. "हे आपलं लोकांना सांगायचं. खरं म्हणशील तर वाटलं, माईक आपोआप बंद पडला तर बरं. शब्दही पाळला जाईल, नि सुटल्यासारखं होईल. फार दमलोय गं."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिली, आणि एकाएकी दमयंतीबाईंना हसू फुटलं. बुवाही हसले, आवाज न करता, खांदे हलवत.

गाडीमागे निम्मं गाव अस्तन्या सारून उभं होतं. दरवर्षीचा मान होता तो. कमलाकांताने किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. धक्का द्यायला वाकलेली माणसं तशीच वाकलेली राहिली.

"अरे, हात तरी लावू द्यायचास!" नवसी ओरडली, आणि खिडकीतून जवळ्याची पुडी आत सरकवू लागली. मग बुवांच्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून जीभ चावली आणि पुडी कमलाकांताच्या खिशात कोंबली.

फाट्याशी कमलाकांताने गाडी हळू केली. "काकू, पुढचं गाव की पालघर?"

"पालघर," दमयंतीबाई म्हणाल्या. "मला झोपू दे थोडे दिवस. तुळस जिवंत आहे का बघू दे."

 चिपळ्या बुवांच्या मांडीवर होत्या.

"आणि काकू, मग?"

"मग बघू," त्या खाटेवर पाय लांब करत म्हणाल्या. डोळे मिटलेच होते त्यांनी. "तोवर त्या पाट्या ओट्यावर उन्हात ठेव. आणि शेजारणीला बजाव, वर पापड घालायचे नाहीत."