वर्षाली चाळीस बायका मॅनेज करते

इंग्रजीतलं कोणतंही क्रियापद उचलावं, त्याच्या पाठीला 'करणे' बांधावं, की ते वऱ्हाडातच जन्मल्यासारखं वागू लागतं आणि मग माणसाचं जगात कुठंच अडत नाही, असा भगवंतभाऊंचा सिद्धांत होता. दर्यापूरच्या भाजीबाजारात तो आजवर कुणी खोडून काढला नव्हता. वांगी घ्यायला आलेला माणूस वांगी घेऊन जातो, वाद घालत बसत नाही. खोडायला अकोल्याहून खुशालराव यावे लागले, आणि तेही नेमके भगवंतभाऊंच्या लेकीला पाहायला, बायको कौशल्याबाई आणि मुलगा श्याम यांना घेऊन.

लेक वर्षाली नांदगाव पेठेला एका कापड कारखान्यात शिलाई विभागाची सुपरवायझर. श्याम शेजारच्याच कारखान्यात कामाला. दोघांची मुळीच ओळख नाही, असं दोन्ही घरांत ठरलेलं होतं. पण आधीच्या स्थळांपुढं तोंड वाकडं करून बसलेली पोरगी आज सकाळपासून एकाच साडीला इस्त्री करून राहिली म्हटल्यावर भगवंतभाऊंना काय समजायचं ते समजलं. हे स्थळ हुकलं, तर ही पुन्हा कुणापुढं पोहे घेऊन जाणार नव्हती.

खुशालराव शंकरपटाचे पंच. बैलजोड्यांच्या त्या शर्यतीत घड्याळ त्यांच्या हाती असे. जोडी आमदाराची असो की मेहुण्याची, घड्याळ दाखवील तेच ते जाहीर करत. मेहुणा अजून बोलत नाही. "मी जिंदगीत कोनाले मॅनेज झालो नाई," हे वाक्य ते नमस्काराच्या जागी वापरत.

सतरंजीवर मांडी घालून त्यांनी पोह्यांचा पहिला चमचा घेतला. "बेटा, कंपनीत काय करतं तू?"

"काका, मी चाळीस बायका मॅनेज करते."

चमचा हवेत थांबला. "चाळीसच्या चाळीस?"

"मोठी ऑर्डर आली की साठही होतात."

"आन् वरचे सायेब लोकं काई म्हनत नाई?"

"त्यांनाही मॅनेज करावंच लागतं ना!"

आता, आपल्याकडं उमेदवारानं एकाएकी अर्ज मागं घेतला की तो मॅनेज झाला. पंचानं हरलेली जोडी जिंकवली की तो मॅनेज झाला. वर्षालीचं मॅनेज कारखान्याच्या ट्रेनिंगमधून आलेलं, खुशालरावांचं पटाच्या धुळीतून.

खुशालरावांनी बशी खाली ठेवली. "पोरगी खरं बोलते, ते चांगलं हाय. पन आमच्या घरात हे चालत नाई."

श्यामनं वर्षालीकडं पाहिलं. वर्षालीनं बापाकडं पाहिलं. भगवंतभाऊ सिद्धांत घेऊन धावले. एक क्रियापद अडलं, तर दुसरं लावायचं!

"तसं नाई पाव्हने! मॅनेज म्हंजे, सेट करते ते बायकाईले."

"सेटिंग?"

"सेट नाई हो, फिक्स..." हा शब्द पटाच्या पंचापुढं काढायला नको होता, हे भगवंतभाऊंना त्यांच्या भुवया पाहून कळलं. "म्हंजे ॲडजस्ट! ॲडजस्ट करून घेते."

"म्हंजे थोडंथोडं खाते."

"हँडल करते हो!"

"हात बी उचलते?"

स्वयंपाकघराच्या दारातून वर्षालीची आई पार्बताबाई कडाडल्या, "तुमी गप बसता का जी? एकेका शब्दानं पोरीवरचं एकेक कलम वाढून राहिलं!"

मग वर्षालीनं ट्रे बाजूला ठेवला.

"काका, कुणाचं लेकरू तापलं, की तिची मशीन मी दुसरीला देते. दोघी भांडल्या, की एकीला खिडकीजवळ बसवते. साहेब ओरडत आले, की आधी त्यांना चहा पाजते, मग पंखे बंद असल्याचं सांगते. बायकाही राहतात, मालही निघतो. आमच्याकडं याला मॅनेज म्हणतात."

खुशालराव काही बोलायच्या आत कौशल्याबाई फिसकन हसल्या. "आधी चहा, मंग पंखा! हे तं मी लग्नापासून करून राहिली."

"कोनासंग?"

"आज इथं कायले आले तुमी? काल तं म्हनत होते, 'दर्यापूरले मी येत नाई.' म्या म्हनलं, तुमच्यावानी पारखी मानूस नसला तं स्थळ पाहाव कोनं? पहाटेच आंघोळ करून बसले ना!"

आमदाराला जे जमलं नाही ते घरात रोज होत होतं. खुशालराव सतरंजीचे पट्टे न्याहाळत राहिले. भगवंतभाऊंना त्यांची मनापासून दया आली. सिद्धांत गेलेल्या माणसाचं दुःख त्यांना ताजं होतं.

मग मान वर करून खुशालराव म्हणाले, "बेटा, एकडाव पटात जोडी बुजून लोकाईत शिरली. म्या डफडेवाल्याले गप केलं, लेकरं बाजूले काढले, जोडी हाकनाऱ्या धुरकऱ्याले पानी पाजलं. ते बी मॅनेजच काय?"

"तेच, काका. अगदी तेच."

"मंग बरोबर हाय. म्या मॅनेज केलं हाय, झालो नाई."

कौशल्याबाईंना खोकला आला.

"पोरगी आमाले पसंत," खुशालराव पंचाच्या आवाजात म्हणाले. श्यामनं श्वास सोडला, तोच त्यांनी हात वर केला. "पन माही एक अट हाय. आताच सांगतो, मंग बोलाचं काम नाई."

अटी काय काय असू शकतात, ते सगळं भगवंतभाऊंच्या डोळ्यांपुढून गेलं. हुंड्यापायी वांग्याचं वावर विकण्यापाशी येऊन ते थांबले.

"बोला, पाव्हने."

"मांडी घालून माहे दोन्ही पाय मुंग्याईनं भरले. जरासाक हात द्या अन् उठवा मले."