व्हिएन्नात भेटलेली शेजारीण

मला कुणाशीही बोलायचं नव्हतं, एवढंच. चेक देशातल्या ओलोमोउत्स शहरात एका दातांच्या दवाखान्यात मी फोन घेते. दिवसभर दाढा ठणकणारी माणसं माझ्या कानात कण्हत असतात, आणि घरी आलं की नवरा आणि दोन घोड्याएवढे मुलगे मोजे कुठे आहेत ते विचारतात. म्हणून जानेवारीत, नाताळची गर्दी ओसरल्यावर, मी व्हिएन्नाला जायचं ठरवलं. एकटीनं.

“एकटी तिथं करणार काय?” ओल्डानं, म्हणजे नवऱ्यानं विचारलं.

“काहीच नाही.”

“मग ते घरीही होईल की! तेही गरम खोलीत.”

त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. बॅगेत मी माझे जुने स्केट्स कोंबले आणि निघाले. लग्नाआधी बर्फावर माझा हात धरायला कुणी लागत नसे. तिथं नगरभवनासमोर हिवाळ्यात अख्खं मैदान गोठवतात, झाडांमधून वळणावळणाच्या वाटा काढतात. त्यावरून गुमान गोल गोल फिरायचं, एवढीच हौस होती.

ऑपेरागृहापाशी ट्राममधून उतरले. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावरच गार होत होतं. पण कुणी ओळखीचं नव्हतं. मी जरा हसलेसुद्धा असेन. तेवढ्यात मागून आपल्या चेक भाषेत हाक आली.

“क्वेता! अगं क्वेताच ना तू?”

आमच्या इमारतीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेबेस्तोवाबाई! शाळेतून निवृत्त झाल्या तरी आवाज वर्गातला राहिलेला. डोक्यावर केसाळ टोपी, हातात फुगलेली पिशवी.

“एकटीच आलीस? नवरा कुठाय?”

“घरी. तुम्ही?”

“मीही एकटीच.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि माझ्या दंडाला धरलं. “असू दे. आता दोघी झालो ना.”

नाही म्हणायला तोंड उघडलं तर वारा आत शिरला. झालं. दिवसभर बाई माझ्या दंडाला लटकलेल्या. राजवाड्याच्या अंगणात त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या गळक्या नळाची हकीकत सांगितली. चर्चमध्ये घरच्या लिफ्टची. मी “हं” म्हणत राहिले, तर त्यांना वाटलं मला रस आहे.

कॉफीला गेलो, तिथं कहर झाला. काळ्या कोटातला वेटर कॉफी ठेवून वळतोय न वळतोय, तोच बाईंनी पिशवीतून पाव आणि घरून तळून आणलेले मांसाचे काप काढले.

“घे, खा. चेहरा बघ किती उतरलाय तुझा!”

“बाई, इथं बाहेरचं खाणं चालत नाही.”

“कॉफी त्यांचीच पितोय ना आपण?”

वेटर परत आला, जर्मनमध्ये काहीतरी तुटक बोलला. बाईंनी त्याला आपल्या भाषेत शांतपणे समजावलं की मुलगी उपाशी आहे. सगळी टेबलं आमच्याकडे बघत होती. मुलगी म्हणजे मी, पन्नाशीला टेकलेली, तळलेला काप मांडीवरच्या रुमालात लपवून बसलेली.

संध्याकाळी सुटका होईल म्हटलं, तर त्या मला हॉटेलच्या दारापर्यंत सोडायला आल्या. आणि सकाळी त्याच दारात उभ्या!

“म्हटलं, तुला एकटं कसं सोडायचं?”

दुसऱ्या दिवशी आम्ही चित्रांच्या संग्रहालयात गेलो. बर्फातून घरी परतणारे शिकारी, खाली दूरवर गोठलेल्या तळ्यावर खेळणारी इवली इवली माणसं, असं एक चित्र तिथं आहे. मी त्याच्यासमोर उभी राहिले. किती शांत वाटलं म्हणून सांगू! एवढ्यात कानाशी आवाज आला.

“तो कुत्रा बघ. आपल्या तळमजल्यावरच्या कुत्र्यासारखाच मरतुकडा.”

माझा बांध फुटला.

“बाई, पुरे! मला तो कुत्रा नकोय, नळ नकोय, लिफ्ट नकोय! मी एकटं राहायला आलेय इथं. एकटं! कळतंय का?”

दालनातला पहारेकरी वळून बघू लागला. बाई आता रडतील, मला वाटलं. पण त्या भडकल्या.

“मग हे कालच सांगायला काय झालं होतं? मी दर हिवाळ्यात येते इथं, एकटी! मुलीलासुद्धा सोबत आणत नाही. काल रात्री उभ्याचं स्वस्त तिकीट काढून ऑपेरा ऐकणार होते, ते तुझ्यापायी बुडालं. रस्त्यात तुझं तोंड असं पडलेलं दिसलं, म्हटलं नवऱ्याशी भांडून आलीय, हिला टाकून गेलं तर माणुसकी नाही. दोन दिवस बोलून बोलून घसा सुकला माझा!”

“माझं तोंड असंच आहे!”

“ते आता कळलं मला!”

पहारेकरी जवळ आला, तसं आम्हाला दोघींना हसू फुटलं. तोंडावर हात दाबून आम्ही जिन्यापर्यंत पळालो.

“ठरलं तर,” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “यापुढे दिसलीस तरी मी ओळखणार नाही.”

“मीही नाही.”

आम्ही हात मिळवले. त्या डावीकडे गेल्या, मी उजवीकडे.

दुपारी मी बर्फावर उतरले. घोटे लटपटत होते. पहिल्याच वळणावर सपशेल आपटले. उठताना पाहिलं तर कठड्याशी ती केसाळ टोपी. बाईंचा हात अर्धा वर आला, मग त्यांनी तो खाली घेतला आणि पाठ फिरवली. खरं सांगते, त्या क्षणी त्या मला सख्ख्या बहिणीहून जवळच्या वाटल्या. गुडघा सुजला, तरी दिवे लागेपर्यंत मी फिरत राहिले, आणि कुणी माझ्याशी एक अक्षर बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत त्या दिसल्या, माझ्याकडे न बघता सरळ पुढच्या डब्यात गेल्या. ओलोमोउत्सला मात्र मी लंगडत उतरत होते, तेव्हा त्यांनी माझ्या हातातून बॅग ओढून घेतली.

“आता ओळख दाखवली तर चालेल ना?”

मी हो म्हटलं. आणि घर येईपर्यंत ट्राममध्ये त्यांनी मला आदल्या रात्री ऐकलेला अख्खा ऑपेरा सांगितला, गाण्यांसकट.