अनोळखी सुळका

चरबीवर संशोधन करणारी मंडळी वर्षातून एकदा कॉलेजच्या मागच्या सभागृहात जमत. ना व्यासपीठ, ना हारतुरे. "अंगात चरबी असेल त्यानंच यावं," हा सरांचा ठरलेला विनोद. मेळावा त्यांनीच सुरू केलेला आणि येणाऱ्यांत निम्मे त्यांचेच विद्यार्थी. यंदा मात्र कुणी फारसं हसलं नाही. जुन्यांपैकी दोघं वर्षभरात गेले होते, दोघंही यकृताच्या आजारानं.

सरांची पहिली विद्यार्थिनी, जिला सगळे थोरली म्हणत, बोलायला उठली. तिच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. रक्तातली एकेक चरबी वेगळी करून ते पडद्यावरच्या आलेखात तिचा सुळका काढायचं. चाचणीसाठी थोरलीनं स्वतःचंच रक्त वापरलं होतं.

"हे सगळे ओळखीचे," ती म्हणाली, "पण हा शेवटचा कोण, ते कळेना. आधी वाटलं, यंत्रातच घाण असेल."

"थांब जरा," मागून जाड्या म्हणाला. काडीसारखा माणूस, म्हणून जाड्या. "हा माझ्याही रक्तात येतो. मी महिनाभर नळ्या धूत बसलो होतो."

"माझ्यातही आहे," मास्तरीण हळूच म्हणाली. ती आता एका कॉलेजात शिकवायची आणि तिथंही असंच यंत्र होतं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघंही तरुणपणी सरांच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत राबलेले. आणि ते गेलेले दोघंही.

"योगायोग असेल," सर म्हणाले. "पुढं चल."

"सर, आपण तिथं नळ्या गरम करायला पिंपातलं तेल तापवायचो. ते कसलं होतं?"

सर चष्मा पुसत राहिले. "कारखान्यानं फुकट दिलं होतं. तेव्हा मी विचारलं नाही."

"आणि नंतर?"

"नंतर विचारलं. यंत्रं थंड ठेवायचं तेल होतं. विषारी म्हणून त्यांनी बंद केलेलं. तोवर तुम्ही सगळे आपापल्या मार्गाला लागला होतात."

थोरलीजवळ आणखी एक आलेख होता. तुलनेसाठी म्हणून तिनं लेकीचं रक्त घेतलं होतं. लेकीनं तळघराची पायरीही पाहिली नव्हती, तरी तिच्यातही तो सुळका उमटला होता. का, ते थोरलीला आत्ता उमगलं. तळघर सोडलं तेव्हा ही लेक तिच्या पोटात होती.

तिचा चेहरा पाहून सर म्हणाले, "आज एवढंच पुरे. आधी खात्री करून घेऊ."

"खात्री करायलाच तर आले होते. ही माझी लेक," असं म्हणत तिनं बटण दाबून तो आलेख पडद्यावर आणला.

मास्तरीण पडद्याकडे पाहून मुलाला फोन लावायला बाहेर गेली. सर उठले, शर्टाची बाही वर केली आणि हात थोरलीपुढं धरला. "माझंही घे." तिनं नमुन्यांसाठी आणलेली सुई पिशवीतून काढली; शीर लवकर सापडेना. तिनं रक्त काढलं, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.

मग तळघरात कोण कोण होतं ते आठवून ती आणि जाड्या एकेकाला फोन करत बसले. काहींचे नंबर बदलले होते. एका मित्राचा फोन त्याच्या बायकोनं उचलला.

"वहिनी, त्याच्याशी जरा बोलायचं होतं," जाड्या म्हणाला. "तब्येतीचं विचारायचं होतं."

"कावीळ वाढली म्हणून ह्यांना सकाळीच दवाखान्यात हलवलंय, भाऊजी," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"