उजळलेलं नाव

'काडीची किंमत नाही' असं लोक सहज म्हणून जातात. आमच्या घरात ते म्हणायची सोय नव्हती. वाटणीत आलेलं घर विकून बाबांनी नामांकित कारागिराचा म्हणून व्हायोलिनचा एक जुना गज घेतला, आणि त्या काडीपायी आईबाबांचा काडीमोड झाला. गल्ली त्यांना काडीमास्तर म्हणू लागली. आई गजाला सवत म्हणायची. सोडून जाण्याआधी, भांडी घासताना गुणगुणायची :

सवत माझी बारीक, निजते मखमलीत
मी ग जागी बाई, गळक्या खोलीत

आता बाबा अंथरुणाला खिळले होते. शब्द तुटायचे, मागणं एकच : तिला एकदा आण.

आईने निरोप ऐकून घेतला. "आधी त्या बयेचा निकाल लाव. अस्सल निघाली तर माझं चुकलं म्हणायला येईन. नाहीतर मला बोलावू नका."

म्हणून आम्ही दोघी गज पारखणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. खिडकीशी त्याचं टेबल, वर खुंटीला घोड्याच्या केसांच्या पांढऱ्या बटा. त्याने गज डोळ्याशी धरून बाक पाहिला, बोटावर तोलला, टोकाच्या वळणावरून नख फिरवलं.

"लाकूड जुनं आहे. घडण चांगल्या हाताची."

आईने मांडीवरची पिशवी घट्ट धरली. माझ्या जिवात जीव आला.

मग त्याने भिंग लावलं आणि मुठीपाशी, कारागिराच्या नावावर, थांबला. 

"हे कुणी कोरलं?"

"ज्याने गज केला त्यानेच ना?"

"कडा बघा. धारदार आहेत. लाकूड झिजलंय, नाव नाही झिजलं."

मी म्हणाले, "बाबांच्या अंगठ्याखाली पुसट झालं होतं. त्यांनी शिक्के करणाऱ्याकडून उजळून घेतलं."

"दाराची पाटी रंगवतात तसं?"

"मायेनं केलं हो."

"मायेनंच केलं असणार. वैऱ्याला हे सुचलं नसतं." त्याने भिंग खाली ठेवलं. "नव्या अक्षरांनी जुनी खाल्ली. खाली तेच नाव असेल, नसेलही. आता कुणालाच सांगता यायचं नाही. विकायला गेलात तर चांगल्या बिननावी गजाचे पैसे येतील."

"पण तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं. "नुसतं तोंडी सांगा. आईला सांगा."

त्याने आईकडे पाहिलं. "बाई, माझ्या वाटण्यावर तुम्ही जन्माचा हिशेब करू नका."

बाहेर ऊन होतं. आई पायरीवर थबकली.

"खरी असती तर पाया पडले असते. खोटी असती तर मनातल्या मनात माफ केलं असतं. तुझ्या बाबांनी मला धड हरूही दिलं नाही."

"आई, दोन गल्ल्यांवर तर आहे बाबांची खोली."

"ठाऊक आहे. रोज जाते तिथून. वर बघत नाही इतकंच." माझ्या गालाला हात लावला तिने. "तू जेवून घे वेळेवर."

आणि ती उलट्या बाजूला चालू लागली. मी हाक मारली नाही. ती वळली असती, आली नसती.

खोलीत शिरले तेव्हा बाबा जागे होते. त्यांनी गजाच्या पेटीकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून, मागे उघड्या राहिलेल्या दाराकडे बघत राहिले.

जिन्यात कुणाचीच पावलं नव्हती. मी दार लावून घेतलं.